बर्गनची अठरा मिनिटं

१

तळमजल्यावरच्या फ्राऊ राइनहार्टनी जूनच्या पहिल्या आठवड्यात ऊर्मिलाला जिन्यात गाठलं. हातात कचऱ्याची पिवळी पिशवी आणि चेहऱ्यावर कर्तव्य.

"फ्राऊ दातार, तुम्हाला सांगायलाच हवं. तुमचे सासरे नातीचा हात धरून लाल दिव्याला रस्ता ओलांडतात. मी दोनदा पाहिलं."

"हो, हो, बोलते मी त्यांच्याशी," असं म्हणून ऊर्मिला वर आली आणि तिनं नवऱ्याला, प्रसन्नला, त्या जर्मन भुवयांची नक्कल करून दाखवली. प्रसन्न हसत म्हणाला, "बाबांनी सांगलीत सगळा जन्म म्हशी आणि ट्रक यांच्यामधून रस्ता ओलांडलाय. त्यांना खांबावरचा लाल माणूस काय थांबवणार?" दोघं हसली आणि विषय संपला.

खरं तर ऊर्मिला हसण्यावारी नेणारी बाई नव्हती. घरातल्या टेबलांच्या चारही कोपऱ्यांना तिनं स्पंज चिकटवला होता. अन्वी साडेतीन वर्षांची झाली तरी ती झोपली, की तिचा श्वास चालू आहे ना, हे ऊर्मिला अजून वाकून बघायची. अशा बाईनं नेमकी हीच एक सूचना कचऱ्याच्या पिशवीसारखी दाराबाहेर ठेवून दिली.

त्यालाही कारण होतं. जर्मनीतल्या हेर्त्सोगेनआउराखला प्रसन्नची इंजिनियरची नोकरी पक्की होती, पण ऊर्मिलाची पुण्यातली सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी लग्न, जर्मनी आणि अन्वी यांच्यात केव्हाच विरून गेली होती. चार वर्षांनी तिला एर्लांगेनमध्ये काम मिळालं होतं. तीन जुलै २०१७, सोमवार, सकाळी साडेआठ. अन्वीला किटामध्ये, म्हणजे बालवाडीत, जागा मिळणार होती सप्टेंबरपासून. मधले दोन महिने सांभाळायला सांगलीहून सासूसासरे आले होते, राजाभाऊ आणि कुंदाताई. सगळा डोलारा त्या दोघांवर उभा होता. अशा वेळी माणूस खांबाला चीर आहे का ते वाकून बघत नाही.

पंधरा जूनला गुरुवारची चर्चची सुट्टी आली. शुक्रवार मधला, म्हणजे ब्रुकेनटाग. चार दिवस सुटी मिळाली. प्रसन्नचा सहकारी कपिल कॅमेरा गळ्यात अडकवून तयारच होता. सगळ्यांनी मिळून नॉर्वेतलं बर्गन गाठलं.

तिथे शनिवारी दुपारी, धक्क्यावर, अन्वी अठरा मिनिटं नाहीशी झाली.

२

बर्गन म्हणजे सात डोंगरांनी ओंजळीत धरलेलं बंदर. समुद्र तिथे किनाऱ्याशी थांबत नाही, डोंगरांच्या फटीफटींतून कोसच्या कोस आत शिरतो. त्या पाण्याला फ्योर्ड म्हणतात. पाऊस येतो, जातो, पुन्हा येतो, आणि गावातलं कुणी मान वर करूनही बघत नाही. धक्क्यालगत जुन्या व्यापाऱ्यांची लाकडी घरं ओळीनं उभी आहेत. तांबडी, पिवळी, पांढरी, टोकदार छपरांची. पायाखालची जमीन शतकानुशतकं खचत गेल्यामुळे ती एकमेकांच्या खांद्यावर कललेली आहेत.

राजाभाऊ पाटबंधारे खात्यात चाळीस वर्षं ड्राफ्ट्समन होते. घरांपुढे ते बराच वेळ उभे राहिले. मग बायकोकडे झुकून हळूच म्हणाले, "अगं, हे खरंच वाकडं आहे ना?"

"हो. खरंच वाकडं आहे," कुंदाताई म्हणाल्या.

"मग ठीक."

प्रसन्नला हसू फुटलं. दोनच आठवड्यांपूर्वी राजाभाऊंनी दिवाणखान्यातलं नवं कपाट तिरकं लावलंय म्हणून तक्रार केली होती. प्रसन्ननं लेव्हल लावून दाखवली. बुडबुडा बरोबर मध्यावर होता. त्यावर राजाभाऊ म्हणाले होते, "तुझी लेव्हल तिरकी असेल."

"बाबांना शेवटी मनासारखं गाव मिळालं," प्रसन्न म्हणाला.

कपिलची चेष्टा वेगळीच होती. कुंदाताई नवऱ्याच्या अर्धं पाऊल पुढे चालत आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू ठेवत. "पायरी आहे हो. दोन आहेत. आता ओलं आहे. डावीकडून सायकल येतेय. चहा उजव्या हाताला ठेवलाय, गरम आहे." कपिलनं त्याला 'आकाशवाणी सांगली' असं नाव दिलं होतं.

"काका, हे केंद्र कधी बंद होतं का हो?"

"एकेचाळीस वर्षांत नाही झालं," राजाभाऊ म्हणाले. "आता तर बातम्याही वाढल्यात."

सकाळी सगळे दोरीच्या गाडीनं डोंगरावर जाऊन आले. वर पावसानं गाठलं आणि अन्वीचं लाल जॅकेट भिजून चिंब झालं. खाली उतरल्यावर स्टेशनातच ऊर्मिलानं तिला कोरडं पिवळं जॅकेट चढवलं, लाल जॅकेट प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून पिशवी आपल्या सॅकमध्ये टाकली. कुंदाताई तेव्हा स्वच्छतागृहाच्या रांगेत होत्या. राजाभाऊ दोन हातांवर सामान सांभाळत शेजारीच उभे होते. कपिलनं अन्वीला रस्त्यापलीकडच्या जुन्या घरांच्या बोळात नेऊन, तिथला भलाथोरला लाकडी मासा दाखवून आणलं.

तीन वाजता फ्योर्डमध्ये जाणारी बोट होती. सव्वादोनला ऊर्मिला आणि प्रसन्न तिकिटाच्या खिडकीकडे निघाले. आजीआजोबा धक्क्यावरच्या बाकावर बसले होते.

"अन्वी, आजीआजोबांजवळ बस हं," ऊर्मिला म्हणाली. असं मुलीला सांगितलं, की मोठ्यांना वेगळं सांगावं लागत नाही, हे आपल्याकडे गृहीतच असतं.

अडीच वाजता दोघं परतली. राजाभाऊ गुडघ्यांवर हात ठेवून बाकावर शांत बसले होते. कुंदाताई बाकामागे उभ्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर रंग नव्हता.

"अन्वी कुठाय?" ऊर्मिलानं विचारलं.

राजाभाऊंनी हात उचलून समोर दाखवलं. "ही काय, समोर."

समोर धक्क्याची कड होती. दोरखंडाचं वेटोळं, एक लाल खोकं आणि त्यापलीकडे काळंभोर पाणी.

३

अन्वी पाण्यात नव्हती. शोधायला लागल्यापासून अठराव्या मिनिटाला ती सापडली. गाड्यांचे दोन रस्ते ओलांडून, लाकडी घरांच्या बोळात, त्या माशापुढे ती उभी होती. एका उंच नॉर्वेजियन बाईनं तिचा हात धरून ठेवला होता. आईला बघून अन्वी शेजारच्या मुलांकडून उचललेल्या जर्मनमध्ये शांतपणे म्हणाली, "ममा, डेअर फिश इस्ट टोट." आई, मासा मेलाय. ऊर्मिलानं तिला उचलून घट्ट धरलं. बोट तीन वाजता त्यांना न घेताच सुटली.

घरी परतल्यावर प्रसन्न म्हणाला, "सापडली ना? संपलं. आता उगाळत बसू नकोस."

"कुणाच्या हातून सुटली?"

"सगळ्यांच्याच. आपण पाच मोठी माणसं होतो. प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याजवळ आहे."

"टेस्टिंगमध्ये चूक 'आपोआप गेली' असं लिहून बंद करता येत नाही, प्रसन्न. ती परत येते. कुणाजवळून सुटली ते कळल्याशिवाय मी तीन तारखेला घराबाहेर पडणार नाही."

हे ती आवाज न चढवता म्हणाली.

ती आणि प्रसन्न खिडकीच्या रांगेत एकमेकांसमोर होते. उरले तिघं. कुंदाताई, राजाभाऊ आणि कपिल.

कुंदाताई स्वयंपाकघरात कोलराबी सोलत होत्या. "हा तर आपला नवलकोलच गं. इथे येऊन नाव बदललं नुसतं."

"आई, त्या दिवशी बाकावर…"

"मीच गं," सोलणं न थांबवता कुंदाताई म्हणाल्या. "बसल्या बसल्या डोळा लागला. डोंगरावरची ती थंडी, मग ऊन पडलं. अन्वीचा हात होता हातात, तो सुटला. मला काय बोलायचं ते बोल."

ऊर्मिलाचा प्रश्न अजून पुरा झाला नव्हता. चार वर्षांपूर्वी ऑफिसात कुणी न विचारताच चूक पदरात घ्यायचा, तेव्हा ती हमखास दुसऱ्याची असायची.

"आणि बाबा?"

"ते म्हणतात ना, समोरच होती म्हणून. लाल जॅकेट दिसत होतं त्यांना. गडबडले असतील. आता वय झालं, त्यांना नको काही विचारूस."

पलीकडच्या खोलीत राजाभाऊ बसले होते. दार उघडं होतं, सगळं ऐकू जात होतं. पण या घरात सुनेनं सासऱ्यांना सरळ प्रश्न विचारायची रीत नव्हती. प्रश्न आईंच्या हाती द्यायचा आणि उत्तर आईंच्या हातून घ्यायचं. राजाभाऊही जुन्या वळणाचे होते. ऊर्मिलाशी बोलताना ते कधी तिच्या डोळ्यांत बघत नसत. तिच्या कानाच्या बाजूला कुठेतरी बघून बोलत. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात असे नव्हते, असं तिला उगीचच वाटून गेलं. तिला ती अदब आवडायची.

ती पाण्याचा ग्लास घेऊन आत गेली.

"उजव्या हाताला ठेवतेय ती," स्वयंपाकघरातून कुंदाताईंचा आवाज आला. त्यांना तिथून खोलीतलं काही दिसत नव्हतं.

ऊर्मिलानं ग्लास डावीकडे ठेवला होता. राजाभाऊंचा हात उजवीकडे गेला, टेबलावरून फिरला आणि रिकामा परत आला.

४

रविवारी कपिल फोटो द्यायला आला. ऊर्मिलानं चहा ठेवला आणि बाकी मंडळी बाहेर फिरायला जाण्याची वाट बघितली.

"तो मासा तूच दाखवलास ना तिला?"

"वहिनी, हा संशयिताचा चहा आहे का?"

"चहा सगळ्यांना सारखाच आहे. तू दुपारी परत गेला होतास तिकडे?"

"गेलो असतो तर तिला घेऊनच आलो असतो. मी धक्क्यावर फोटो काढत होतो. वेळेसकट आहेत सगळे. आता जर्मनीत पाच वर्षं झाली मला, पुरावा ठेवल्याशिवाय मी शिंकतसुद्धा नाही."

त्यानं लॅपटॉप उघडला. दोन एकवीस. लोकरीच्या दुकानाची काच, आणि काचेआड निळी लोकर उजेडाकडे धरून बघणाऱ्या कुंदाताई.

"ही तर आई," ऊर्मिला म्हणाली.

"हो. काकूंचा छान आलाय. चेहऱ्यावर अगदी नफ्याचा सौदा."

"झोपल्या नव्हत्या त्या."

"कोण?"

कुंदाताई बाकावर नव्हत्याच. मग हात सुटायला हात होता कुठे? जी चूक त्यांनी केलीच नाही, ती त्यांनी नवलकोल सोलता सोलता पदरात घेतली होती.

"पुढचा दाखव."

दोन तेवीस. लांबून घेतलेला फोटो. मागे डोंगर, ढग, घरांची ओळ. खाली कोपऱ्यात बाक, बाकावर राजाभाऊ आणि त्यांच्यापुढे दहाबारा पावलांवर लाल ठिपका.

ऊर्मिलानं त्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "म्हणजे तेवीसपर्यंत होती ती. बाबांचं बरोबर आहे. समोरच होती."

"मग झालं तर. त्यानंतर निसटली असेल," कपिल म्हणाला आणि बिस्किट चहात बुडवलं.

ऊर्मिलाच्या हातात कप होता. तो तिनं बशीत ठेवला.

"कपिल, अन्वी सापडली तेव्हा काय घातलं होतं तिनं?"

"पिवळं. त्या नॉर्वेच्या बाईंनी तेच सांगितलं ना, पिवळ्या जॅकेटची मुलगी…"

त्याचं बिस्किट चहात तुटून पडलं.

लाल जॅकेट त्या वेळी ऊर्मिलाच्या सॅकमध्ये होतं, तिकिटाच्या खिडकीपाशी. कपिलनं फोटो मोठा केला. लाल ठिपक्याला पाय नव्हते. बुडणाऱ्याकडे फेकायचं रबरी कडं ठेवायला धक्क्यावर केलेलं ते खोकं होतं. साडेतीन वर्षांच्या मुलीइतकंच उंच.

"मलाही क्षणभर अन्वीच वाटली," ऊर्मिला म्हणाली. "पण मी बोटाएवढा फोटो बघत होते. बाबा तर दहा पावलांवर होते."

५

चूक नेमकी कोणती हे ठरवायचं, तर ती पुन्हा घडवून बघावी लागते. ऊर्मिला हे नोकरीत शिकली होती. घरात ते करायची वेळ येईल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

मंगळवारी दुपारी प्रसन्न लवकर आला. तिनं त्याला कुंदाताईंना न्यूर्नबर्गच्या भारतीय दुकानात न्यायला लावलं. डाळी संपल्या होत्या, हे खरंच होतं. मग राजाभाऊ आणि अन्वीला घेऊन ती घरामागच्या श्पीलप्लाट्झवर गेली. घसरगुंडी, वाळूचा चौकोन, दोन झोके आणि एक बाक, एवढंच मैदान.

राजाभाऊ बाकावर बसले. अन्वी पिवळा सदरा घालून घसरगुंडीकडे पळाली. ऊर्मिलानं पिशवीतून लाल जॅकेट काढलं आणि वाळूपलीकडच्या कुंपणाच्या बुटक्या खांबावर अडकवलं. बाकापासून दहा पावलं. मग अन्वीला खूण करून तिनं बाकामागे बोलावलं, हातात ब्रेझेल, म्हणजे वेटोळ्याचा खारा पाव, दिला आणि ओठांवर बोट ठेवलं. आपण म्हाताऱ्या माणसासाठी सापळा लावतोय हे तिला समजत होतं. तिनं तो काढला मात्र नाही.

पाच मिनिटं काहीच झालं नाही. झोका आपला आपण हलत होता.

मग राजाभाऊ खांबाकडे बघून प्रेमानं म्हणाले, "अन्वी, किती वेळ उन्हात उभी राहशील गं? ये इकडे. आजोबांजवळ बस."

जॅकेट वाऱ्यानं जरासं हललं.

"आली वाटतं," राजाभाऊ म्हणाले आणि त्यांनी बाकावर तिच्यासाठी सरकून जागा केली.

"ओपा," बाकामागून अन्वी म्हणाली, "इश बिन डोख हिअर." आजोबा, मी तर इथे आहे.

राजाभाऊंनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांचे दोन्ही हात गुडघ्यांवर दाबले गेले.

"ऊर्मिला," ते म्हणाले, "तूच ना ही?"

"हो बाबा."

"हं. ड्रॉइंग तपासायला साहेब बसला की कळतंच."

ती पुढे येऊन त्यांच्या शेजारी बसली. आयुष्यात पहिल्यांदाच तिनं त्यांना मधे कुणी नसताना विचारलं, "बाबा, तुम्हाला काय दिसतं?"

त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. मग कामाचा तपशील द्यावा तसं सांगायला लागले. "मध्यभाग पुसलाय. खोडरबरानं पुसल्यासारखा. कडा दिसतात. रंग कळतो, आकार कळतो. दीड वर्ष झालं. आधी रेघा वाकायला लागल्या. चाळीस वर्षं सरळ रेघ मारली मी, मला वाटलं कारागीर बिघडलेत. मग चष्म्याच्या दुकानातून दोनदा नंबर बदलून आणला. मग कळलं, नंबराचं काम नाही."

"म्हणून कपाट."

"कपाट, दाराची चौकट, सगळंच. त्या बर्गनला म्हणून बरं वाटलं. तिथे घरंच वाकडी होती. तेवढ्यापुरता मी आणि जग सारखे झालो."

"आणि माझ्याशी बोलताना तुम्ही कानाकडे बघता…"

"चेहऱ्याकडे बघितलं तर चेहरा जातो, पोरी. कानाकडे बघितलं की थोडा सापडतो. अन्वीचाही तसाच बघतो. कडेकडेनं."

ऊर्मिलानं मान खाली घातली. जिला ती अदब समजत होती, ती धडपड होती.

"आईंचं ते सारखं बोलणं…"

"तिनं बोलायचं आणि मी चालायचं. कपिल म्हणतो ते केंद्र बंद पडलं ना, तर मी एक पायरी उतरू शकत नाही. त्या दिवशी ती पाच मिनिटांसाठी लोकरीला गेली. मी म्हटलं, जा, आहे मी. समोर लाल दिसत होतं."

"मी जॅकेट बदललं तेव्हा तुम्ही शेजारी होतात."

"होतो ना. मला वाटलं तू तिचं नाक पुसतेयस."

ऊर्मिलाला फ्राऊ राइनहार्टचं बोलणं आठवलं, आणि विचारू नये असं वाटत असताना तिनं विचारलं.

"बाबा, सिग्नलचा लाल माणूस…"

"कोण लाल माणूस?" राजाभाऊंनी विचारलं.

६

कुंदाताई तूरडाळीची पिशवी घेऊन दारात आल्या. ऊर्मिलाचा चेहरा बघूनच त्यांना कळलं. त्या चपला न काढता तिथल्या स्टुलावर बसल्या.

"आई, खोटं का बोललात?" हे ऊर्मिलानं रागानं विचारलं नाही.

"मला झोप लागली म्हटलं असतं, तर तू चार दिवस रागावली असतीस आणि विसरली असतीस. यांचे डोळे गेलेत म्हटलं असतं, तर तू नोकरी सोडली असतीस." कुंदाताईंनी पिशवी मांडीवरून खाली ठेवली. "हेच म्हणाले मला सांगलीत. सूनबाई चार वर्षांनी कामाला लागतेय, आपल्यापायी अडायला नको. दोन महिने तू माझे डोळे हो, मग परत आल्यावर बघू. मी म्हटलं, होईन. एकेचाळीस वर्षं स्वयंपाक सांभाळून मी सगळं काही झालेच आहे."

"अन्वी रस्ता ओलांडून गेली, आई. दोनदा."

"माहीत आहे मला," कुंदाताई म्हणाल्या. "तेव्हापासून मी झोपलेली नाही. खोटी ती एकच झोप."

प्रसन्न दारातच उभा होता, दोन्ही हातांत तांदूळ. त्यानं ते खाली ठेवले, दिवाणखान्यात जाऊन कपाटाकडे बघितलं, आणि लेव्हल लावली होती त्या जागेवर कपाटाला टेकून उभा राहिला. "मी बुडबुडा दाखवला त्यांना," तो म्हणाला. "माझे बाबा मला सांगत होते आणि मी त्यांना बुडबुडा दाखवला."

दुसऱ्या दिवशी तो साहेबांपुढे बसला. उरलेली सगळी सुटी आणि वर बिनपगारी पाच आठवडे. साहेब बराच वेळ, असं आहे तर, या अर्थाचं "आल्झो, हेर दातार, आल्झो" करत राहिले आणि शेवटी त्यांनी सही केली. तीन जुलैला सकाळी साडेआठ वाजता ऊर्मिला एर्लांगेनला आपल्या टेबलाशी बसली होती. घरी अन्वीपाशी तिघं होते आणि त्यातल्या एकाला दिसत होतं, एकीला बोलता येत होतं आणि एकाला गोष्टी येत होत्या. गोष्टींना डोळे लागत नाहीत.

डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ, इथल्या भाषेत टर्मीन, मिळायला तीन महिने लागतील असं फोनवर सांगण्यात आलं. ऊर्मिला खाली जाऊन फ्राऊ राइनहार्टच्या दारात उभी राहिली. आधी माफी मागायची की आधी मदत, हे तिचं ठरलं नव्हतं.

"मी नियम सांगायला आले नव्हते," फ्राऊ राइनहार्ट म्हणाल्या. "माझ्या नवऱ्याचं असंच सुरू झालं होतं. दिव्यापासून. आम्ही उशीर केला." त्यांनी चष्मा लावला, एक जुनी वही काढली आणि एक नंबर फिरवला. चार दिवसांनी राजाभाऊ डोळे तपासून घ्यायला बसले.

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्यापुढे चौकटींचा एक कागद ठेवला, मधोमध ठिपका असलेला. एक डोळा झाकून, जे दिसतं ते पेन्सिलीनं काढायला सांगितलं. राजाभाऊंनी पेन्सिलीचं टोक अंगठ्यानं चाचपून बघितलं, मनगट टेकवलं आणि अतिशय काळजीपूर्वक रेघा वाकवल्या. जिथे जितक्या वाकत होत्या, तिथे तितक्याच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इतका अचूक नकाशा आजवर एकाही पेशंटनं काढून दिला नव्हता. राजाभाऊंनी नंतर तो फाइलला न लावता घरी नेण्यासाठी मागितला.

वयामुळे डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग बिघडत गेला होता, आणि डावा डोळा गेला होता. वर्षभरापूर्वी आले असते, तर कदाचित वाचला असता. उजव्यात इंजेक्शनं देऊन जे उरलं आहे ते धरून ठेवता येणार होतं. पहिलं इंजेक्शन इथेच झालं, पुढची मिरजेला.

तीन महिन्यांनी सांगलीहून व्हिडिओ कॉल आला. राजाभाऊ पडद्याच्या अगदी जवळ होते.

"अन्वी, कान दाखव बघू," ते म्हणाले.

अन्वीनं डावा कान पडद्याला चिकटवला.

"हां," ते म्हणाले. "आता दिसलीस."

ही सगळी हकिकत लिहायला ऊर्मिलानं होकार दिला तो एका अटीवर. शेवटी तिचं एक मागणं वाचणाऱ्यांपर्यंत पोचवायचं. तुमच्या घरात किंवा फोनच्या पलीकडे एखादे बाबा, एखादे काका, एखादी मावशी असतील. तुमच्या चेहऱ्याकडे न बघता जरा बाजूला बघून बोलत असतील, चांगल्याभल्या कपाटाला तिरकं म्हणत असतील, सिग्नलला दिवा न बघता लोक चालले की चालत असतील. आज त्यांना एक डोळा झाकून दाराची चौकट बघायला सांगा, मग दुसरा झाकून. सरळ दिसते का, ते त्यांनाच विचारा. आणि उत्तर त्यांच्याऐवजी दुसऱ्या कुणी दिलं, तर पुन्हा विचारा.